पुस्तकाची शिफारस : एका वाचकाची दुसऱ्यास

ग्रंथालयाची श्रीमंती ग्रंथसंख्येवर मोजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कोणत्याही वाचनालयाचा वार्षिक अहवाल उघडावा, पहिल्याच पानावर एकूण ग्रंथ इतके, यंदाची खरेदी इतकी, देणगीदाखल आलेले इतके, असे आकडे मांडलेले असतात. त्यांत खोटे काही नाही. परंतु पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीशी ज्याने चार संध्याकाळी उभे राहून पाहिले असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. सभासद येतो, यादी चाळतो, ती बाजूला सारतो आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या सभासदास विचारतो, "काय हो, हे कसे काय आहे?" यादीत हजारो नावे असोत, त्याला हवे असते एका माणसाचे मत, आणि तेही ज्याची आवडनिवड आपणांस ठाऊक आहे अशा माणसाचे.

या विचारण्यासांगण्यास आपण फारशी प्रतिष्ठा देत नाही. त्यास गप्पा म्हणतो. वस्तुतः पुस्तक कपाटातून निघून घरी जाते ते बहुतेक वेळा या गप्पांच्या बळावर. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मंडळींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पुण्यामुंबईच्या वाचकास दुकानात उभे राहून दहा पुस्तके चाळावयाची सोय असते. चार पाने वाचली, भाषा रुचली नाही, ठेवून दिले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी वाचक पुस्तक मागवितो ते बहुधा न पाहताच. टपालखर्च वेगळा. नाही तर पुण्यास लग्नाला निघालेल्या कोणाच्या तरी हाती चिठ्ठी द्यावयाची, आणि आहेराच्या सामानात त्या बिचाऱ्याने आपली पुस्तके कोंबून आणावयाची. बरे, महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला व त्याअन्वये तेथील वाचनालयांस अनुदान मिळते; पण ते त्या राज्याच्या हद्दीपुरते. आपल्या वाचनालयांची खरेदी वर्गणीतून व देणगीतून व्हावयाची. तेव्हा वर्षाकाठी घेतलेल्या थोड्या पुस्तकांपैकी निम्मी जर कोणी हातीच धरली नाहीत, तर तो पैसा फुकट गेलाच, शिवाय सभासदांचा विश्वासही गेला.

पुस्तके जमविणे आणि पुस्तके वाचली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बडोद्यात फार लवकर ओळखले गेले. संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्वत्र लागू झाला. त्याच साली श्रीमंत सयाजीराव महाराज अमेरिकेत होते व तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी डोळसपणे पाहिली. शाळेत अक्षरओळख झालेला मुलगा पुढे काहीच वाचणार नसेल, तर दहा वर्षांत तो पुन्हा होता तेथेच यावयाचा, ही त्यांची चिंता होती. १९१० साली त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांस बोलावून घेतले. राजवाड्यातील खाजगी संग्रहाचे सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास देण्यात आले. १९११ साली ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग निघाला. गावोगावच्या वाचनालयांसाठी असा नियम ठरला, की लोकांनी एक वाटा उभा केला म्हणजे तेवढाच वाटा प्रांतपंचायतीने व तेवढाच सरकारने घालावयाचा. बोर्डन १९१३ साली परत गेले. पुढे हे काम ज. स. कुडाळकर व त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनी चालविले. मांडवीजवळची, काचेच्या तळभूमीची व पोलादी मांडण्यांची इमारत आपण आज पाहतो ती १९३१ सालची.

इमारतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला त्या कार्यातील अधिक महत्त्वाची वस्तू वाटते ती एक लाकडी पेटी. ज्या गावी वाचनालय नव्हते तेथे मध्यवर्ती ग्रंथालयाकडून पंधरा ते तीस पुस्तकांची एक पेटी जाई. दोनतीन महिने ती तेथे राही, मग परत येई व दुसरी जाई. नेण्याआणण्याचा खर्च खात्याचा. फिरते ग्रंथालय म्हणतात ते हेच. आता या पेटीचा थोडा विचार करावा. तीस पुस्तकांची यादी पेटीबरोबर असणारच, पण त्यांपैकी प्रथम कोणते उचलावे हे यादी कशी सांगणार? ते गावातलाच कोणी तरी सांगू शकतो; शाळामास्तर, तलाठी, पोस्टातला कारकून, किंवा ज्याला रात्री झोप येत नाही असा एखादा म्हातारा. त्याने एक वाचले व चावडीवर त्याविषयी चार शब्द काढले, की दुसऱ्याचा हात त्या पुस्तकाकडे जातो. पेटी तीन महिन्यांनी परत जावयाची असते, म्हणून हे सांगणेही वेळेवर व्हावे लागते. कपाटात कायमचे पडलेले पुस्तक कधीही वाचता येते आणि म्हणूनच ते कधी वाचले जात नाही!

कुडाळकरांच्या संपादनाखाली १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे त्रैमासिक निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत असे आणि १९१९ पर्यंत चालले. एका संस्थानी ग्रंथालय खात्याने तीन भाषांतील वाचकांस उद्देशून नियतकालिक काढावे, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. मराठी आणि गुजराती वाचक या शहरात शेजारी शेजारी राहतात, एकाच खिडकीतून पुस्तके नेतात, तेव्हा त्यांच्याशी बोलावयाचे तर दोघांच्याही भाषेत बोलले पाहिजे, ही जाण त्यामागे दिसते.

तीच पेटी सुमारे शंभर वर्षांनी निराळ्या रूपाने पुन्हा आली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. निवडक पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे द्यावयाची. ती एका घरी ठेवावयाची. काही महिने त्या गटाने ती वाचावयाची आणि मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलावयाची, अशी ही योजना. ती नाशिकबाहेर पसरली, महाराष्ट्राबाहेर गेली, दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी मंडळींपर्यंत पोहोचली. यातील मर्म असे, की पुस्तक घ्यावयास माणूस कार्यालयात जात नाही, कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जातो. तेथे चहा होतो आणि "हे नेऊ नका, ते न्या" हेही होते. ज्यांनी ही पेटी आपल्या घरी ठेवून घेतली त्यांना चहाचा खर्च किती आला, हा हिशेब अर्थातच कोणी ठेवलेला नाही.

वाचकांनी एकत्र येऊन काय होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण 'ग्रंथाली'चे. १९७४-७५ च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या या कार्याने स्वतःस वाचक चळवळ असेच म्हणवून घेतले. सभासद झालेल्या वाचकांस पुस्तके सवलतीने द्यावयाची आणि त्या वाचकवर्गाच्या भरवशावर नव्या लेखनाला हात घालावयाचा, असे तिचे धोरण. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली व लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली तेथूनच प्रसिद्ध झाले. अशा पुस्तकांचा वाचक आधीपासून तयार नव्हता. एकाने वाचून दुसऱ्यास सांगितले तसा तो तयार झाला. पांढरपेशा घरांतून जी दुनिया कधी दिसली नव्हती ती या पुस्तकांनी दाखविली. आणि "हे वाचून मला रात्रभर झोप आली नाही" हे शेजाऱ्याचे शब्द कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक काम करतात.

येथे थोडा भेद स्पष्ट केला पाहिजे. पुस्तकाविषयी लिहिण्याबोलण्याचे आपल्याकडे निदान तीन प्रकार आहेत. पहिला 'साभार पोच'. वृत्तपत्राकडे पुस्तक आले, त्याचे नाव, लेखक, पृष्ठे व किंमत छापली, काम संपले. दुसरा परीक्षण. १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'पासून मराठीत याची चांगली परंपरा आहे, आणि १९६४ सालच्या जानेवारीत सुरू झालेल्या 'ललित' मासिकाने तर पुस्तकांच्या जगातील बातमी व चर्चा हाच आपला विषय केला. परीक्षक पुस्तकाचा न्याय करतो. त्याच जातीच्या इतर पुस्तकांशी तोलून पाहतो. तिसरा प्रकार शिफारशीचा. शिफारस करणारा न्यायासनावर बसलेला नसतो. त्याच्यापुढे पुस्तक जितके असते तितकाच समोरचा माणूसही असतो. परीक्षक म्हणेल, "ही कादंबरी श्रेष्ठ आहे." शिफारस करणारा म्हणतो, "ही श्रेष्ठ असेल, पण तुमचे आत्ता मन ठिकाणावर नाही, तुम्ही पुढच्या महिन्यात घ्या." एकच पुस्तक एकास सुचवावयाचे व दुसऱ्यास सुचवावयाचे नाही, हे परीक्षकास करता येत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली, त्यांतही वाचक व पुस्तक यांची जोडी जमविण्यास त्यांनी मोठे स्थान दिले आहे. स्थळे सुचविणाऱ्या मध्यस्थास दोन्हीकडची माहिती असावी लागते, तसेच हे आहे.

या कामाचा मोठा शत्रू म्हणजे भीड. शहर मोठे असले तरी आपली मराठी वस्ती लहान. लेखक आपल्या ओळखीचा, त्याच्या पुस्तकाचे प्रकाशन आपल्याच सभागृहात झालेले, प्रास्ताविक आपल्याच कार्यवाहांनी केलेले. अशा वेळी पुस्तक कसे वाटले असे कोणी विचारले, तर "छान आहे हो" याखेरीज दुसरे उत्तर सुचत नाही. सौजन्य म्हणून ते योग्यही आहे. पण हेच उत्तर प्रत्येक पुस्तकास मिळू लागले म्हणजे त्याचा अर्थ नाहीसा होतो. ऐकणारा खुळा नसतो. दोनदा फसला की तिसऱ्यांदा तो विचारीत नाही, आणि विचारणे थांबले की वाचनालयात येणेही थांबते. देणगीच्या पुस्तकांचेही असेच. आजोबा गेले की घरची मंडळी जुन्या दिवाळी अंकांची पोती आणून देतात. नाही म्हणवत नाही. कपाटे भरतात, आणि घेण्याजोगे नवे पुस्तक ठेवावयास जागा उरत नाही. भिडेपोटी घेतलेल्या पुस्तकाची कोणी भिडेपोटीच स्तुती केली, तर नुकसान दुप्पट होते.

तेव्हा नापसंती सांगता आली पाहिजे. ती सांगण्याचीही एक रीत आहे. "टाकाऊ पुस्तक" या शब्दांचा कोणालाच उपयोग नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. एखाद्या सभासदाने तिच्याविषयी असे लिहिले, की "पांडुरंग सांगवीकर या खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेल्या मुलाची ही हकीकत आहे, तो स्वतःच बोलत सुटतो, ठरावीक कथानक असे काही नाही, मला शंभर पानांनंतर कंटाळा आला", तर ही नापसंती झाली. पण तीच ओळ वाचून दुसरा एखादा तरुण म्हणेल, "मला अगदी असेच हवे आहे." नावडल्याचे कारण नीट सांगितले की ते दुसऱ्यास आवडण्याचे कारण होऊ शकते. निव्वळ "अप्रतिम, अवश्य वाचावे" या शेऱ्यात हा गुण नाही. त्यातून पुस्तकही कळत नाही व माणूसही कळत नाही.

उपयोगी शेरा कसा असतो याचा नमुना म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेऊ. १९५५ सालची ही लहानशी कादंबरी. तिच्याविषयी एवढे सांगितले तरी पुरे : औंध संस्थानातल्या माणदेशात धनगरांच्या एका वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवावयास जातो, वाडीला प्रथम त्याचे काही वाटत नाही, वाक्ये लहान आहेत, धनगरी बोलीचे काही शब्द अडतील पण ओघाने कळतात, दोनतीन बैठकींत संपते, ज्यांना प्रेमकथा हवी त्यांनी घेऊ नये. शेवट सांगावयाचा नाही. पुष्कळांना तो सांगितल्याशिवाय राहवत नाही, हा आपल्याकडचा एक दोष आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'विषयी सांगताना (पहिला भाग १९३४ चा) मी एक गोष्ट आवर्जून सांगेन : हे पुस्तक मोठ्याने वाचावयाचे आहे. लक्ष्मीबाई घरातल्या बोलीत लिहितात. ज्या घरी आजीला दिसत नाही व नातीला मराठी बोलता येते पण वाचावयाचा आळस आहे, त्या घरी ते न्यावे. नातीने आजीस रोज दहा पाने वाचून दाखवावी. असे सांगावयास ते घर माहीत असावे लागते. शहरापलीकडून छापून आलेल्या कोणत्याही 'उत्तम पुस्तकांच्या यादी'ला हे साधणार नाही. हल्ली अशा याद्या हातातल्या दूरध्वनीवरूनही रोज येतात. त्यांनी पुस्तकांची नावे कळतात हे खरे, पण यादी सर्वांसाठी सारखीच असते.

आणखी एक बारीकशी बाब. ज्येष्ठ सभासदांसाठी शेऱ्यात टंक लहान की मोठा हे अवश्य लिहावे. पुस्तक कितीही चांगले असो, अक्षर बारीक व कागद पिवळा असेल तर साठीपुढचा वाचक ते दुसऱ्याच दिवशी परत आणतो, आणि कारण विचारले तर संकोचाने "विषय जमला नाही" असे सांगतो.

आता सर्वांत नाजूक विषयाकडे येतो. आपल्या तिसऱ्याचौथ्या पिढीची मुले घरी मराठी बोलतात. शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. लिपीची अडचण आपण समजतो तेवढी मोठी नाही. हिंदीमुळे बडोद्याच्या काय, हैदराबादच्याही मुलाला देवनागरी वाचता येते. बेळगावकडची गोष्ट वेगळी. तेथे प्रश्न लिपीचा नसून शाळेतील माध्यमाचा व त्यासोबतच्या साऱ्या वादाचा आहे, आणि तो या लेखात मावणारा नाही. आपल्या मुलांची अडचण वेगाची आहे. इंग्रजीत ज्या वेळात वीस पाने होतात त्या वेळात मराठीत सहा होतात, म्हणून मूल कंटाळते. अशा मुलाच्या हाती आपण काय देतो? तर आपल्याला त्या वयात जे आवडले होते ते. किंवा "मराठीतले अभिजात" म्हणून सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. मूल ती उशाशी ठेवते व परीक्षा झाल्यावर परत करते.

त्याला सुचवावयाचे तर त्याच्याच बरोबरीच्या दुसऱ्या मुलाने सुचवावे, हा उपाय मला अधिक खात्रीचा वाटतो. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली निघाले. लेखिकेचे शिक्षणच ग्रंथपालनाचे. गुलामीत जन्मलेला एक काळा मुलगा वनस्पतींचा शास्त्रज्ञ कसा होतो ही त्यातील कथा, आणि मराठी घरांतून हे चरित्र हातोहात फिरत आले आहे. बारा वर्षांच्या मुलाने हे पुस्तक संपविले आणि आपल्या मित्रास "भुईमुगाचे त्याने काय काय केले ते बघ" असे सांगितले, तर तो मित्र वाचील. आपण तेच सांगितले तर त्याला उपदेशाचा वास येतो. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले 'पाडस', शांता शेळके यांनी आणलेले 'चौघीजणी' हीही अशीच पुस्तके. अनुवाद आहेत म्हणून ती कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही. मूल कथेसाठी वाचते, आणि कथेमागे धावताना मराठीचा वेग वाढतो. वेग वाढला की मग 'बनगरवाडी' त्याला जड जात नाही. मुलांचे शेरे मोडक्या मराठीत असतील, शुद्धलेखनाच्या चुका असतील, क्वचित गुजराती अक्षरातही असतील. ते तसेच राहू द्यावे. त्यांवर लाल शाईने दुरुस्ती करणारे एक तरी निवृत्त शिक्षक प्रत्येक वाचनालयात असतात. त्यांना हात जोडून विनंती करावी.

हे सर्व ज्या साधनाने होईल ते अगदी स्वस्त आहे. दोनशे पानांची एक वही. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव, लेखक आणि दाखल क्रमांक एवढेच ग्रंथपालाने लिहावे. उजवे पान सभासदांसाठी मोकळे सोडावे. शेऱ्याखाली नाव असावे. निनावी मताचा उपयोग नाही, कारण वाचणाऱ्याला ते कोणाचे हे कळल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. एकाच पुस्तकाखाली परस्परविरुद्ध शेरे आले तर उत्तम. कोणी दुसऱ्याचा शेरा खोडू नये. वर्षातून दोनदा, खरेदीची यादी करण्याच्या आधी, ग्रंथ समितीने ही वही पुढे घेऊन बसावे : कोणत्या लेखकाखाली शेरे दाटले आहेत, कोणत्या पानावर एकही ओळ नाही, "याचा दुसरा भाग आहे काय" असे किती जणांनी विचारले आहे. मागणीची वेगळी पेटी ठेवण्यापेक्षा यातून अधिक कळते. विद्यमान पदाधिकाऱ्यांपैकी कोणाचे स्वतःचे पुस्तक वाचनालयात असेल तर त्याचे पान वहीत असावे की नाही, हे समितीने आधीच ठरवून टाकावे; नंतर ठरविणे कठीण जाते.

वही ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवू नये. तेथे लिहावयास लोक बिचकतात. देण्याघेण्याच्या खिडकीच्या डाव्या अंगास, जेथे सभासद आपली पाळी येईपर्यंत उभे असतात, तेथे ती असावी. सोबत दोरीने बांधलेली शिसपेन्सिल ठेवावी. पेन टिकत नाही.